चावी फिरविली, पण गाडी सुरू होईना!

मनुष्यस्वभाव मोठा चमत्कारिक आहे. एखादें यंत्र रोज निमूटपणें काम करीत असतें तोंपर्यंत त्याच्याकडे आपण ढुंकूनहि पाहात नाहीं. आणि एखादे दिवशीं तें अडून बसलें कीं मात्र घरांतील प्रत्येक जण त्या शास्त्राचा पंडित होतो. सकाळची वेळ आहे, मंडळी लग्नाला निघाली आहे, मुलें खिडकीच्या जागेसाठीं भांडत आहेत, आणि चावी फिरवितांच गाडी नुसती ‘खट्’ म्हणते व गप्प बसते. लगेच मामा म्हणतात, “बॅटरी गेली.” शेजारचे काका म्हणतात, “छे, प्लगांत कचरा आला असेल.” वर्तमानपत्र टाकणारा मुलगाहि जातां जातां “पेट्रोल आहे ना?” असें विचारून जातो. या तिघांपैकीं कोणी तरी एक बरोबर असण्याचा संभव आहे. परंतु कोण बरोबर, हें ठरवावयाचें कसें, हाच आजच्या भाषणाचा विषय.

विषय हवेंत तरंगत राहूं नये म्हणून एक ओळखीची गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. १९८४ सालीं मारुतीनें एक लहानशी, चौकोनी पेटीसारखी व्हॅन बाजारांत आणली. पुढें ती ‘ओम्नी’ या नांवानें घरोघरीं ओळखीची झाली. शाळेच्या मुलांची ने-आण, देवदर्शनाच्या सहली, दुकानदाराचा माल, फार काय, रुग्णवाहिकेचें काम, सर्व कांहीं तिनें केलें. २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे आज रस्त्यावर जी ओम्नी दिसते ती कांहीं ना कांहीं वय झालेलीच असावयाची. तिचें इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें, आणि तें पुढच्या आसनांखालीं बसविलेलें असतें. नाकासमोर इंजिन शोधणाऱ्या नवख्या माणसाची त्यामुळें फजिती होते. आसन उचललें कीं इंजिनाचें दर्शन घडतें. जुन्या गाड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. नंतरच्या गाड्यांत तें काम इंजेक्शनच्या व्यवस्थेकडे गेलें. मी मुख्यतः जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीविषयीं बोलणार आहें. परंतु विचार करण्याची पद्धति दोन्हींना सारखीच लागू आहे.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका शेजाऱ्यामुळें. आमच्या गल्लींतील एक गृहस्थ जुन्या व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करीत. सकाळीं सहाला त्यांची गाडी सुरू झाली कीं आम्हीं घड्याळ लावून घ्यावें, इतकी त्यांची नियमितता. एका पावसाळ्यांत गाडीनें असहकार पुकारला. चावी फिरविली कीं कधीं ‘खट्’ असा एकच आवाज, तर कधीं कण्हत कुंथत दोन फेरे आणि मग शांतता. त्यांनीं गॅरेज गांठलें, बॅटरी बदलली. आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुन्हां तेंच. मग ‘सेल्फ’ म्हणजे इंजिन फिरविणारी मोटर उघडून तिचे कार्बन बदलले. पुन्हां चार दिवस बरे. तिसऱ्या खेपेला दुसरी नवी बॅटरी आली. दरम्यान पांच-सहा पालकांनीं आपलीं मुलें दुसऱ्या गाडींत घातलीं. त्यांचाहि दोष नव्हता, कारण शाळेची घंटा कोणाच्या बॅटरीसाठीं थांबत नाहीं. शेवटीं ते गृहस्थ गाडी भंगारांत देण्याच्या गोष्टी बोलूं लागले. दोष काय होता तें पुढें सांगणारच आहें. तूर्त एवढेंच लक्षांत ठेवा कीं, तीन वेळां सुटे भाग बदलले गेले, पण एकदांहि कोणीं मोजमाप केलें नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यासाठीं चारच गोष्टी लागतात. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें; तेव्हांपासून या चार गरजा बदललेल्या नाहींत. पहिली गरज, इंजिन प्रथम बाहेरून कोणी तरी फिरविलें पाहिजे; कारण फिरल्यावांचून त्याला हवा ओढतां येत नाहीं आणि हवा ओढल्यावांचून स्वतः फिरतां येत नाहीं. दुसरी, हवा आणि पेट्रोल यांचें योग्य मिश्रण आंत गेलें पाहिजे. वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलला सुमारें पंधरा भाग हवा. तिसरी, तें मिश्रण दट्ट्यानें घट्ट दाबलें गेलें पाहिजे. चौथी, दाबलेल्या मिश्रणांत नेमक्या क्षणीं ठिणगी पडली पाहिजे. ज्यानें कधीं चूल पेटतांना पाहिली असेल त्याला हें समजण्यास अडचण नाहीं. लांकूड, वारा आणि काडी यांपैकीं एकाचीहि उणीव असली तरी चूल पेटत नाहीं. आणि काडी सर्दलेली असतांना लांकडें बदलीत बसणारा मनुष्य शहाणा म्हटला जात नाहीं.

‘गाडी सुरू होत नाहीं’ या चार शब्दांत असे निरनिराळे आजार दडलेले असतात. म्हणून चांगला वैद्य ज्याप्रमाणें औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वीं रोग्याला प्रश्न विचारतो, त्याप्रमाणें आपणहि पान्हा हातांत घेण्यापूर्वीं गाडीला प्रश्न विचारावे. पण त्याच्याहि आधीं दोन पथ्यें सांगतों. गाडी गिअरमधून काढून हातब्रेक ओढावा, आणि हें सारें उघड्या जागीं करावें. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. बंद गॅरेजांत तो माणसाला कळूंहि न देतां मारतो. दुसरें पथ्य असें कीं, पेट्रोलचा किंवा गॅसचा उग्र वास येत असेल तर परीक्षा तेथेंच थांबवावी. गाडीला एल्. पी. जी. ची टाकी असेल तर विशेष जपावें. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें उडून न जातां खालच्या भागांत सांचून राहतो. अशा वेळीं चावी फिरवूं नये, कोणतेंहि बटण दाबूं नये. सर्वांना खालीं उतरवावें, दारें उघडीं ठेवावीं, टाकीची झडप सहज बंद करतां आली तर करावी आणि जाणकाराला बोलवावें.

आतां पहिला प्रश्न. दिवे लावून चावी फिरवा आणि कान देऊन ऐका. गाडी चारपैकीं एक उत्तर देईल. पहिलें उत्तर म्हणजे संपूर्ण मौन : दिवे नाहींत, आवाज नाहीं. याचा अर्थ वीज बॅटरीपासून पुढें येतच नाहीं. बॅटरी पूर्ण रिकामी आहे, तिचें टर्मिनल सुटलें आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दुसरें उत्तर म्हणजे भराभर ‘खट् खट् खट्’ असा आवाज आणि त्यासरशीं मंद होणारे दिवे. ही बहुधा अशक्त बॅटरीची किंवा ढिल्या टर्मिनलची तक्रार असते. तिसरें उत्तर म्हणजे एकच खणखणीत ‘खट्’, दिवे मात्र जसेच्या तसे प्रखर. येथें वीज निघाली आहे, पण सेल्फपर्यंत किंवा सेल्फमधून परत पोहोंचत नाहीं. चौथें उत्तर म्हणजे इंजिन झपाट्यानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. पहिल्या तीन उत्तरांत पेट्रोलचा व प्लगाचा कांहींएक संबंध नाहीं. आणि चौथ्या उत्तरांत बॅटरीला सहसा दोष देतां येत नाहीं. अर्ध्या मिनिटाच्या या श्रवणानें अर्धें रान मोकळें होतें. मघाच्या आपल्या लग्नाच्या मंडळींत पेट्रोल विचारणारा मुलगा आणि प्लगाला दोष देणारे काका, दोघेहि येथेंच बाद झाले; कारण गाडी फिरलीच नव्हती.

इंजिन फिरविण्याचें काम एके काळीं माणूस हँडलानें करीत असे आणि तें उलटें फिरल्यास मनगट मोडून घेत असे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यानें तयार केलेली विजेची मोटर आली, आणि मोटार हांकणें हें केवळ पहिलवानाचें काम राहिलें नाहीं. या मोटरीला वीज पुरविणारी शिशाची बॅटरी त्याहून जुनी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें ती १८५९ सालीं तयार केली. आपल्या गाडींतील बॅटरींत सहा घरें असतात, आणि प्रत्येक घर सुमारें २·१ व्होल्ट देतें. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी, कांहीं तास स्वस्थ राहिल्यावर, १२·६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२·२ दिसले तर ती निम्मी रिकामी समजावी. १२ च्या खालीं गेली तर जवळ जवळ रिकामी. हें मोजणारा मल्टिमीटर थोडक्या पैशांत मिळतो, आणि ज्या घरीं जुनी गाडी आहे त्या घरीं तो तापमापकाइतकाच आवश्यक आहे.

परंतु स्वस्थ पडलेल्या बॅटरीचे व्होल्ट पाहून समाधान मानूं नये. पलंगावर पडलेला मनुष्य धडधाकट दिसतो; त्याची शक्ति ओझें उचलतांना कळते. कोणाला तरी चावी फिरविण्यास सांगून, इंजिन फिरत असतांना बॅटरीवर मीटर धरावा. कांटा साडेनऊ व्होल्टच्या खालीं घसरला तर बॅटरी ओझें पेलण्यास असमर्थ आहे. गाडी सुरू झाल्यावर तोच मीटर पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दाखवील तर बॅटरी भरली जात आहे. तसें न दिसल्यास नवी बॅटरी आणूनहि उपयोग नाहीं. फुटक्या रांजणांत नवें पाणी ओतल्यासारखेंच तें होईल.

आतां पुष्कळांना फसविणारी एक गोष्ट सांगतों. “दिवे लखलखीत लागतात, म्हणजे वीज उत्तम आहे,” असा युक्तिवाद आपण नेहमीं ऐकतों. तो खोटा आहे. पुढचा एक दिवा सुमारें पांच अँपिअर वीज घेतो. सेल्फ मात्र शंभर अँपिअर किंवा त्याहूनहि अधिक मागतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढून तेथें एका ओहमचा केवळ विसावा भाग एवढा रोध निर्माण झाला आहे अशी कल्पना करा. ओहमच्या नियमाप्रमाणें दिव्याची वीज जातांना तेथें पाव व्होल्ट खर्च होतो. दिव्याला तें जाणवतहि नाहीं. पण सेल्फची शंभर अँपिअर वीज जाऊं लागली कीं तेथेंच पांच व्होल्ट गडप होतात! बाराचे सात उरले. सेल्फ कण्हूं लागला. अरुंद बोळांतून एक मनुष्य सहज जातो म्हणून वरातहि जाईल असें समजण्यासारखेंच हें आहे.

आणि आपण बॅटरीच्या लाल तारेकडे पाहतों तसें काळ्या तारेकडे पाहात नाहीं. वीज जशी जाते तशी तिला परतहि यावें लागतें. गाडीचें इंजिन धक्के बसूं नयेत म्हणून रबराच्या ठोकळ्यांवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक जाड पट्टी किंवा तार असते. कारागीर तिला ‘अर्थिंग’ म्हणतात. ती खालच्या बाजूला, चिखलपाण्यांत असते. वर्षानुवर्षें गंजत असते. आणि ती दिसत नाहीं म्हणून कोणाला आठवतहि नाहीं.

श्रोतेहो, माझ्या शेजाऱ्यांच्या व्हॅनचा आजार हाच होता. एके सकाळीं चावी फिरवितांना त्यांच्या मुलाचा हात ॲक्सिलरेटरच्या तारेला लागला, आणि ती गरम लागली, असें तो म्हणाला. हें वाक्य त्यानें सहज उच्चारलें. पण निदान त्यांतच होतें. ॲक्सिलरेटरच्या तारेनें तापावें कां? कारण परतीचा हमरस्ता गंजून बंद पडला होता, आणि सेल्फची वीज त्या बारीक तारेसारख्या मिळेल त्या पाऊलवाटेनें परतूं पाहात होती. आम्हीं मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून चावी फिरविली. तेथें अर्ध्या व्होल्टच्या आंत आंकडा यावयास हवा होता. चार व्होल्टहून अधिक आला. मग बॅटरी जोडण्याची एक जाड केबल ऋण खांबापासून थेट इंजिनाला लावली, आणि गाडी पहिल्या फेऱ्यालाच सुरू झाली. गंजलेली पट्टी बदलण्यास जो खर्च आला, त्यांत एका बॅटरीचें झांकणहि आलें नसतें.

मग नव्या बॅटरीनें आठ-दहा दिवस कां बरे वाटावें? कारण ताजी, पूर्ण भरलेली बॅटरी त्या अरुंद वाटेंतूनहि जोर करून काम भागवीत होती. पण बॅटरी भरणारा आल्टर्नेटरहि इंजिनालाच जोडलेला असतो. त्याचीहि वाट तीच. त्यामुळें बॅटरी रोज खर्च होई, पण पुरती भरली जात नसे. रोग्याला शक्तिवर्धक औषध दिल्यानें दोन दिवस हुशारी यावी आणि मूळ रोग तसाच राहावा, तशी ही गोष्ट. तात्पुरता आराम पडला म्हणजे निदान बरोबर ठरलें असें नव्हे. हा धडा मोटारीपुरताच नाहीं.

आतां चौथ्या उत्तराकडे वळूं : इंजिन झपाट्यानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. येथें संशयित तीन : ठिणगी, पेट्रोल आणि दाब. तिघांचीहि साक्ष देणारा साक्षीदार म्हणजे प्लग. पांच-सात सेकंद इंजिन फिरवून, मग चावी बंद करून, थंड इंजिनाचा एक प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल आंत पोहोंचत नाहीं. प्लग पेट्रोलनें ओला असेल तर पेट्रोल येत आहे, पण पेटत नाहीं. म्हणजे ठिणगीची उणीव आहे, किंवा पेट्रोलच अति झालें आहे. एका प्लगाच्या ओलेपणांत केवढी माहिती सांठविलेली असते पाहा!

ठिणगी पाहण्यासाठीं एक जास्तीचा प्लग त्या तारेंत घालून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवून ठेवावा आणि दुसऱ्यानें चावी फिरवावी. प्लग हातांत धरूं नये, आणि कार्ब्युरेटरपासून व प्लग काढलेल्या भोंकापासून तो दूर ठेवावा. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते, त्यांची थट्टा करूं नये. निळसर, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली ठिणगी वाईट. ठिणगीच नसेल तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून पाहावें. पावसाळ्यांत त्याच्या आंत दंव धरतें, आणि ठिणगी प्लगाऐवजीं त्या ओलाव्यावरून पळून जाते. कोरड्या फडक्यानें पुसणें एवढाच अशा वेळीं उपाय असतो. झांकणाच्या आंत शिसपेन्सिलीनें ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र तें झांकण बदलावेंच लागतें. ती ठिणगीनें स्वतःसाठीं पाडलेली चोरवाट असते. त्याच्या खालीं जुन्या गाड्यांत ‘पॉइंट’ असतात. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत हे पॉइंट सेकंदाला पंचाहत्तर वेळां उघडतात व मिटतात. ते जळावेत, झिजावेत यांत नवल काय? त्यांच्यामधील अंतर सुमारें अर्धा मिलिमीटर असतें. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहून पट्टीनें मोजावा, नजरेनें नव्हे.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, अशी स्थिति असेल तर पेट्रोलचा माग काढावा. प्रथम टाकींत पेट्रोल आहे काय? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु जुन्या गाडीचा कांटा हा विश्वासू साक्षीदार नव्हे. एक लिटर पेट्रोल ओतून पाहणें ही सर्वांत स्वस्त परीक्षा. मग गाळणी, रबरी नळ्या व पंप क्रमानें पाहावे. २०२३ पासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि ज्या जुन्या नळ्या व पडदे त्यासाठीं बनविलेले नव्हते ते त्यानें फुगण्याचा वा कडक होण्याचा संभव असतो. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडींत या वस्तु आधीं तपासाव्या. पेट्रोल झिरपत असेल तर सुरू करण्याचा प्रयत्नच करूं नये. उभ्या गाडीची आणखी एक व्याधि म्हणजे उंदीर. इंजिनाची ऊब आणि तारांचें आवरण या दोन्ही गोष्टी त्याला प्रिय असतात. कुरतडलेली तार शोधण्यास विद्वत्ता नको, नुसता टॉर्च पुरे.

ऋतूचाहि विचार करावा. थंडीच्या सकाळीं पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण वाढविण्यासाठीं ‘चोक’ लागतो. उलट मे महिन्याच्या दुपारीं तापलेली गाडी दहा मिनिटें थांबवून पुन्हां सुरू करूं गेल्यास ती हट्ट धरते. अशा वेळीं नळींतच पेट्रोलची वाफ होऊन पंपाला तें ओढतां येत नाहीं, असें होऊं शकतें. इंजिन आसनाखालीं कोंडलेलें असल्यामुळें तेथें उष्णता लवकर निघून जात नाहीं. आसन उचलून अर्धा तास वारा लागूं द्यावा, हाच उतारा. आणि पेट्रोल अति झालें असेल, म्हणजे प्लग ओले आणि वास भरपूर, तर चोक आंत ढकलून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व पांच-सात सेकंद चावी फिरवावी. हवा भरपूर शिरून जादा पेट्रोल निघून जातें. अधीरपणानें ॲक्सिलरेटर वारंवार दाबीत राहणें म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडांत आणखी पाणी ओतणें होय.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी मुकी. आणि इंजिन फिरतांना नेहमींपेक्षां हलकें, एकसुरी फिरतें आहे, असें वाटलें तर तत्क्षणीं चावी सोडावी. या इंजिनांत झडपा उघडणाऱ्या दांड्याला एक दातेरी रबरी पट्टा फिरवितो. तो तुटला तर दाबच निर्माण होत नाहीं. पाहण्याची युक्ति सोपी : डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून कोणाला तरी क्षणभर चावी फिरवूं द्यावी. आंतील ‘रोटर’ जागचा हालला नाहीं तर पट्टा गेला असें बहुतांशीं समजावें. यापुढील काम गॅरेजाचें. आपण हात जोडावे.

इंजेक्शनच्या गाडींत चावी पहिल्या घरांत फिरवितांच टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकूं यावी; तो विजेच्या पंपाचा आवाज. ती ऐकूं आली नाहीं तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावे. अशा गाडींत ठिणगी पाहण्याचा खटाटोप घरीं करूं नये. तिच्या नाजूक विद्युत्-यंत्रणेला तो मानवत नाहीं.

धक्का मारून गाडी सुरू करण्याची आपली जुनी रीत ही नुसती कसरत नाहीं, तीहि एक परीक्षाच आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्यें, धक्क्यानें गाडी सुरू झाली तर ठिणगी, पेट्रोल व दाब हे तिघेहि निर्दोष सुटले; दोष बॅटरी, तारा व सेल्फ यांच्याकडे राहिला. पण दोन-तीन प्रयत्नांत ती सुरू झाली नाहीं तर शेजाऱ्यांना घाम काढावयास लावूं नये. चावीहि दहा सेकंदांहून अधिक एका दमांत फिरवूं नये; मध्यें अर्धें-पाऊण मिनिट विश्रांति द्यावी, नाहीं तर सेल्फ तापतो आणि एका रोगाचे दोन होतात. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घेतांना लाल तारेनें धन खांबाला धन खांब जोडावा. काळ्या तारेचें एक टोंक चांगल्या बॅटरीच्या ऋण खांबाला, आणि शेवटचें टोंक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावें. कारण बॅटरींतून निघणारा हायड्रोजन शेवटच्या जोडणीच्या ठिणगीनें भडकूं शकतो. आणि कार्ब्युरेटरांत बाटलीनें पेट्रोल ओतण्याचा धाडसी प्रयोग कोणीहि करूं नये. त्यानें गाडी सुरू होण्यापेक्षां पेटण्याचाच संभव अधिक.

एवढें सगळें कोणाच्या ध्यानांत राहणार, असें आपण म्हणाल. सगळें राहावयास नको. तीन गोष्टी राहिल्या तरी पुरे. पहिली : आधीं ऐका. दुसरी : एका वेळीं एकच गोष्ट तपासा आणि एकच बदला, एका दमांत चार भाग बदलले आणि गाडी सुरू झाली, तर कोणत्या भागाचा दोष होता हें कायमचें अज्ञात राहतें. तिसरी : जें पाहिलें, मोजलें, बदललें तें तारखेनिशीं एका वहींत लिहून ठेवा. गॅरेजांत जातांना “बॅटरी गेली आहे” असें आपलें मत सांगूं नका. “एकच खट् आवाज येतो, दिवे मंद होत नाहींत, टर्मिनल स्वच्छ आहेत” अशी लक्षणें सांगा. मत सांगितलें तर तेंच खरें धरून भाग बदलण्याचा मोह कारागिरालाहि होतो; लक्षणें सांगितलीं तर त्याला विचार करावा लागतो, आणि चांगला कारागीर त्याबद्दल आपले आभारच मानतो.

माझ्या शेजाऱ्यांची व्हॅन त्यानंतर आणखी तीन वर्षें चालली. गेलेल्या मुलांपैकीं दोघें परत आलीं, बाकीचीं आलीं नाहींत. गेलेला विश्वास पट्टी बदलल्याइतक्या सहजपणें परत येत नाहीं. त्यांनीं ती गंजलेली पट्टी मात्र फेंकून दिली नाहीं. गाडीच्या चाव्या जेथें टांगतात त्याच खिळ्याला ती त्यांनीं टांगून ठेवली आहे. कोणी विचारलें तर ते हंसून म्हणतात, “दोन बॅटऱ्यांची किंमत देऊन हा दागिना घडविला!” आपल्या घरच्या खिळ्याला असला दागिना टांगण्याची पाळी न येवो.